क्लॅरिनेट आणि दोन सुपं हिरडा

सलग सहा रविवार हरल्यावर हमजाच्या लक्षात आलं की घाटघरच्या गेणूला लाल रंग फार शोभतो.

गेणू तेव्हा भाताच्या खाचरात पालापाचोळा पेटवून राब भाजत होता. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, गळ्यात शिटी आणि खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी. धुरातून तो चालत आला तेव्हा लढाई जिंकून परतणाऱ्या सेनापतीसारखा दिसला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कोट, टोपी, शिटी सगळं त्यानं हमजाकडून जिंकलेलं होतं. पोकरमध्ये.

हमजा जुन्नरच्या गुलशन ब्रास बँडमध्ये ढोल वाजवायचा. बँड त्याच्या अब्बांचा, पीरमहंमदांचा. एप्रिलमध्ये घाटघरच्या एका लग्नात नवरदेवाची जीप चढाला बसली आणि वरात चार तास खोळंबली. मोबाईलवरचं पत्त्यांचं ॲप बंद पडल्यापासून हमजाचे हात शिवशिवत होतेच. त्यानं गेणू, त्याची बायको सखूबाई आणि शेजारचा चांगदेव यांना बसवलं आणि पोकर शिकवला. पाच पत्ते घ्यायचे, नको ते एकदा बदलायचे, पटलं तर डाव वाढवायचा, नाही पटलं तर पत्ते टाकून द्यायचे. पैशाचा जुगार हराम, म्हणून गेणूच्या अंगणात वाळत घातलेले हिरडे घेतले. हिरड्यांबद्दल कुणी काही बजावल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्या दिवशी तो टोपी हरला. टोपी सोडवायला गेला तेव्हा कोट हरला. कोट सोडवायला गेला तेव्हा शिटी, मग छत्री, मग हेल्मेट. मागच्या रविवारी डोकं इतकं फिरलं की त्यानं अब्बांचं क्लॅरिनेटच लावलं. घाट उतरताना डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि डोक्यात अब्बा होते.

अब्बा मक्केला, उमऱ्याला गेले होते. गुरुवारी परत येणार होते. शुक्रवारी अवसरी बुद्रुकला लग्नाची ऑर्डर होती आणि पहिली धून अब्बांच्या क्लॅरिनेटवरच वाजायची. म्हणजे हा रविवार शेवटचा.

आदल्या दिवशी त्यानं झेबाला सगळं सांगून टाकलं होतं. झेबा त्याची धाकटी बहीण. कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती, त्यामुळे घरात उगाच कुणाचं सांत्वन करत नव्हती.

"भाई, तू हरतोस कसा तेवढं सांग."

"मी हूल देतो. हातात काही नसलं तरी ओंजळभर हिरडे पुढं ढकलतो. समोरच्यानं घाबरून पत्ते टाकायला पाहिजेत."

"आणि?"

"कुणी टाकतच नाही."

झेबानं वही मिटली. "त्या लग्नात सखूमावशींनी तुला भाकरी किती वाढल्या?"

"सात."

"तू बास कितवीला म्हणालास?"

"तिसरीला."

"मग? ज्या घरात पाव्हण्याला नाही म्हणायची रीतच नाही, तिथं तू पाव्हणा म्हणून डाव मागतोस आणि ते नाही म्हणतील म्हणून वाट बघतोस. हूल बंद. चांगला हात येईपर्यंत पत्ते टाकत बसायचं. हरलास तरी चिडायचं नाही. अब्बा काय सांगतात?"

"घोडी उधळली तरी ताल सोडायचा नाही."

अब्बांनी हे नुसतं सांगितलं नव्हतं. नारायणगावला एकदा घोडी नवरदेवासकट टोमॅटोच्या वावरात शिरली, तेव्हा अख्खा बँड वाजवत वाजवत तिच्यामागं वावरात गेला होता.

तर आता हमजा मोठा ढोल मोटारसायकलला बांधून गेणूच्या अंगणात उभा होता. लावण्यासारखं तेवढंच उरलं होतं. ढोलाच्या बदल्यात एक सूप भरून हिरडा मिळाला. ढोल आणि क्लॅरिनेट दोन्ही सोडवायला दोन सुपं भरायला हवी होती.

"ढोल बी आणला?" चांगदेव म्हणाला. "पावणं, पुढच्या टायमाला सरळ घोडीच आणा राव."

हमजा हसला नाही, चिडलाही नाही. मांडी घालून बसला आणि पायाच्या अंगठ्यानं ताल धरला. एक, दोन, तीन, चार.

पहिला हात आला, कचरा. टाकला. दुसरा टाकला. तिसरा, चौथा, पाचवा टाकला. सहाव्याला सखूबाईचा जीव राहिना.

"आरं लेका, घे की एक डाव. पोट बरं नाय का?"

"बरंय मावशी."

"मग आमचं काय चुकलं? पिसताना काय कमी-जास्त झालं का?"

"तसं नाही मावशी."

"आसा उपाशी बसतोय, आमाला ग्वाड लागंल का?" आणि तिनं गेणूला डोळ्यानं दटावलं, जणू पत्ते त्यानंच नासके वाढले होते.

अकरा हात हमजा असाच बसला. पत्ते टाकणं इतकं अवघड असतं हे त्याला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, लोकांचं ताट ढकलून उठलो. मग बाराव्याला तीन बादशहा आले. अंगठा थांबला. त्यानं तो परत हलता केला आणि अर्धं सूप पुढं ढकललं.

तिघंही डावात आले. अर्थातच आले.

गेणूनं पत्ते उघडले आणि डोक्यावरची टोपी मागं सारली. "हमजाभाऊ, ह्ये काय हाय रं? पाच, सहा, सात, आठ, नऊ."

या खेळात सगळ्यात मोठी पंचाईत हीच होती. नियम एकट्या हमजाला माहीत होते. त्यामुळे आपण हरलो हे समोरच्याला समजावून सांगायचं कामही त्याच्याकडंच असायचं.

"सिक्वेन्स आहे, काका. तुम्ही जिंकलात."

"आसं व्हय? मला वाटलं निस्ती पाढ्यावानी आली."

मागचा रविवार असता तर हमजानं उरलेलं सूप पुढच्याच हातावर पालथं घातलं असतं. कानशिलं तापली होती. एक, दोन, तीन, चार. पुढचा हात कचरा निघाला. टाकला. त्याच्या पुढचाही टाकला.

उन्हं कलली तेव्हा सुपात चार-पाच मुठी उरल्या होत्या. हातात दोन एक्के आले. चांगदेवच्या हातात काही नव्हतं, गेणूच्याही. सखूबाईनं आपले पत्ते खाली ठेवले, हमजाचे दोन एक्के बघितले आणि स्वतःच हिरडे त्याच्याकडं लोटले.

"घे बाबा. एक्क्यापुढं माझं काय चालणार? माझी आपली दुऱ्या-नव्वी."

दोन दुऱ्या आणि दोन नव्व्या. दोन जोड्या.

कुणालाच कळलं नसतं. गेणू बिडी शोधत होता, चांगदेव आभाळाकडं बघत होता. हिरडे हमजाच्या गुडघ्याला टेकलेले होते. घरात शिंक्याला टांगलेलं क्लॅरिनेट त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. अंगठा थांबला होता. मग त्याच्या मनात आलं, इथं एकदा खोटं बोललो तर ताल सुटला. मग क्लॅरिनेट घेऊन तरी काय वाजवणार?

"नाही मावशी," तो म्हणाला. "तुमच्या दोन जोड्या आहेत. माझी एकच. हे तुमचं."

"आगं बया," सखूबाई म्हणाली. "मी तर देऊन बसले व्हते."

सुपात आता एक मूठ राहिली. हमजानं पत्ते पिसले. तीन हात टाकले. चौथ्याला पाचही पत्ते बदामाचे आले. त्यानं ती मूठ ठेवली, तिघांनी तीन मुठी ठेवल्या, चार मुठी झाल्या. आरडाओरडा नाही, मांडीवर थाप नाही. पुन्हा टाकत बसला. मग तीन राण्यांवर दोन ओंजळी आल्या. घाईत काही नव्हतं, फक्त ऊन घाईत होतं. सूप हळूहळू भरत काठाला आलं.

आणि मग तीन दश्श्या, दोन गुलाम.

हमजानं अख्खं सूप पुढं सरकवलं. एवढ्या वेळात ही माणसं त्याला घरच्यासारखी वाटायला लागली होती, म्हणून त्यानं जगातल्या कुठल्याही पोकरवाल्यानं केली नसेल अशी गोष्ट केली.

"ऐका, मी खरं सांगतो. माझ्याकडं लई भारी हात आहे. हूल नाही. पत्ते टाका."

तिघं एकमेकांकडं बघत राहिले.

"आता पावण्यानं एवढं सूप मांडल्यावर," गेणू म्हणाला, "आमी काय तोंड फिरवून बसायचं?"

"लोक काय म्हंतील," चांगदेव म्हणाला.

तिघांनी मिळून दुसरं सूप भरलं आणि शीग लावली. हमजानं पत्ते उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण जिंकल्याचं समजावून सांगितलं. सखूबाईला त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दोन सुपं देऊन ढोल सुटला आणि क्लॅरिनेट हातात आलं, तेव्हा त्याला धुराचा वास येत होता.

"फुंकणी म्हणून चांगलं हाय," सखूबाई म्हणाली. "लांब हाय, डोळ्यात धूर जात नाय. पर भोकं लई. वारा गळायचा. मग नाचणीच्या पिठानं बुजवली."

हमजानं अंगठ्यानं चार मोजले. मग अजून चार.

"आता एक डाव कोटाचा," गेणू उत्साहानं म्हणाला. "बसा, पावणं. आज तुमचा हात चालतोय."

कोट समोरच होता. सोनेरी झालरीवर राबाची राख बसली होती. हमजानं ढोल उचलला. "नाही काका."

आग्रहाला नाही, असं त्या अंगणात बहुधा पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं. म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवला.

"बरं," सखूबाई शेवटी म्हणाली, "मग भाकर तरी."

त्याला हमजा हो म्हणाला. चार भाकरींवर सुटला.

झेबानं तीन दिवस सुई आणि कापूस घेऊन पीठ काढलं. शुक्रवारी अवसरीत अब्बांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. पहिल्याच सुराला नाचणीची एक वाळलेली गोळी सुटली आणि नवरदेवाच्या मामाच्या कपाळावर बसली. मामाला वाटलं अक्षता सुरू झाल्या. त्यानं हातातल्या टाकल्या. त्याचं बघून मांडवानं टाकल्या. नवरी अजून आत साडी नेसत होती.

अब्बांनी क्लॅरिनेटचा वास घेतला. मग सावकाश हमजाकडं मान वळवली. तेवढ्यात मांडवाच्या दारातून गेणू आत आला. नवरीकडचा पाव्हणा होता तो, आणि लग्नाला म्हणून ठेवणीतला पोशाख घालून आला होता. लाल कोट, तुऱ्याची टोपी, गळ्यात शिटी.

"ए," अब्बा त्याच्यावर ओरडले, "ही काय यायची वेळ झाली? झांज घे."

गेणूला नाही म्हणायची सवयच नव्हती. त्यानं झांज घेतली, रांगेत उभा राहिला आणि हमजाकडं बघून ओळखीचं हसला. "हमजाभाऊ, हेल्मेट बी आणलंय. एक डाव टाकू का?"

अब्बांनी कोटाकडं बघितलं, शिटीकडं बघितलं, मग पुन्हा हमजाकडं.

घोडी उधळली होती. हमजानं ढोलावर टिपरू मारलं. एक, दोन, तीन, चार.