गंजलेली पेटी आणि बाबांची यादी

आमच्या घरात काहीही मोडलं की आई म्हणते, "राहू दे, बाबा आले की बघतील."

बाबा दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब, एका कारखान्यात यंत्रं सांभाळतात आणि वर्षातून एकदा घरी येतात. तोवर मोडकी मंडळी फ्रिजवरच्या कागदावर रांग लावून उभी असतात. यंदा अकरा होती. रविवारी बाबांचा फोन आला की आई यादी वाचते, बाबा "हं, हं" करतात आणि फोन ठेवतात. झालं आमचं कौटुंबिक संभाषण! मागच्या वर्षी आठ दिवस आले, त्यातले सहा दिवस आम्हाला फक्त पाय दिसले. उरलेले बाबा सिंकखाली.

यंदाचे आठ दिवस मला अख्खे बाबा हवे होते. म्हणून ठरवलं, यादी आपणच संपवायची.

हत्यारांची पेटी मोरीच्या फळीखाली होती. लोखंडी, वर दोन बाजूंना उघडणारं झाकण, आणि गंज असा चढलेला की हात लावला की बोटं तांबडी. आधी पेटीच सुधारायची म्हणून सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर काढली आणि हार्डवेअरवाल्या काकांकडे गेले.

"बाबांना पाठव," काका म्हणाले.

"बाबा चार महिन्यांनी येणार. तोवर दुकान उघडं ठेवाल का?"

त्यांनी हसत तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमर आणि निळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा काढून दिला. "आधी व्हिनेगर लाव, रात्रभर राहू दे, मग घास. धुतल्यावर खडखडीत वाळव. उतावळेपणा केलास तर रंगाखाली पुन्हा गंज."

आठवडाभर शाळेतून आले की मी आणि पेटी. आईची ड्यूटी दुपारची, त्यामुळे घरात बोलायला दुसरं कोणी नाही. पेटीशीच बोलायचे. "बाईसाहेब, मान वळवा," असं म्हणत कोपरे घासायचे. बोलून झालं की ब्रशची खरखर आणि नळाची टपटप, एवढंच ऐकू यायचं. ते मला फारसं आवडायचं नाही, म्हणून मी पुन्हा बोलायचे.

रंग दिला तो मात्र जरा जास्तच हौसेने. बिजागऱ्याही रंगवल्या! दुसऱ्या दिवशी झाकण हलेना. नाकी नऊ आले. शेवटी ब्लेडने बिजागऱ्यांवरचा रंग खरवडला, तेल सोडलं, आणि पेटी कुरकुर न करता उघडली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग काय, मी सुटलेच! नळाचा वॉशर बदलला, खुर्चीचा पाय आवळला, कपाटाला नवी कडी. दोनदा बोट चेचलं, एकदा स्वयंपाकघरात तळं झालं, पण शनिवारी अकराव्या ओळीवर काट मारली.

आई कामावरून आली, हात धुतले, नळ बंद केला आणि तशीच ऐकत उभी राहिली. एक थेंब नाही. मग फ्रिजकडे गेली.

"सगळं?"

"सगळं! आता बोल, काय बक्षीस?"

ती खुर्चीवर बसली. "छान केलंस गं," ती म्हणाली आणि पुन्हा कागदाकडे वळली. "पण मग उद्या मी त्यांना सांगू काय?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

रविवारी फोन वाजला. आईने तो माझ्या हातात दिला आणि गॅलरीत कपडे काढायला गेली. दोरीवर दोनच कपडे होते.

"वाच यादी," बाबा म्हणाले.

"यादी संपली, बाबा. मी केलं सगळं. पेटीसुद्धा घासून रंगवली."

पलीकडच्या यंत्रांच्या घरघरीत ते हसल्यासारखं करून म्हणाले, "मग मी येऊन करू तरी काय?"

कपाट पुन्हा मोडलंय म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"काही नका करू," मी म्हणाले. "नुसते या."

"बिजागऱ्यांना रंग लावलास?" बाबांनी विचारलं.

"लावला. झाकण बसलं ना घट्ट."

"मग?"

"ब्लेडने खरवडला. तेल घातलं."

"मी पहिल्यांदा ती रंगवली तेव्हा असंच झालं, आणि मी हातोडी घातली होती," बाबा म्हणाले. "ते झाकणावर डावीकडे पोचा आलाय बघ, तो माझाच प्रताप."

मग त्यांनी तो किस्सा सांगितला, मग वॉशर कसा बदलला ते मला विचारलं, मग शाळेचं. सुट्टीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "बघतो." ना हो, ना नाही.

आई कपडे हातात घेऊन दारात उभी होती. "येतो म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

तिने मान हलवली. मग घड्याळाकडे बघितलं. "चौदा मिनिटं बोललात."

"हो?"

ती माझ्याजवळ येऊन बसली. कपडे मांडीवर तसेच, घडी न घालता.

"काय काय म्हणाले? पहिल्यापासून सांग."