सुई हातात असताना

मनोविकारांच्या वॉर्डात सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. पेशंटचे नातेवाईक आले, की ती त्यांना बाकावर बसवून सांगायची, "डोकं फिरलंय असं म्हणायचं नाही. आजार आहे, साखरेसारखा, दम्यासारखा. लपवलात की वाढतो." कुणी आया पेशंटची नक्कल करून हसली, तर तिला बाजूला घेऊन असं झापायची, की पुन्हा म्हणून तिची हिंमत व्हायची नाही.

तिच्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे, हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. घरी धाकटीचं नाव चिमणी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती करायची. हात इतका हलका, की दुकानाचा मालक नाजूक फ्रेम दुसऱ्या कुणाला देतच नसे. आई गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. आईच्या वर्षश्राद्धानंतर चिमणीची झोप उडाली. बोलायला लागली की थांबेना, घरातल्या वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला लागली. मोठीच्या हे पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. रोज डोळ्यांसमोर दिसणारी गोष्ट होती ती. पण मनाशी म्हणाली, उत्साही स्वभाव आहे, दुसरं काही नाही. अंगाशी यायला लागलं तेव्हा तिला लांबच्या एका खाजगी डॉक्टरांकडे नेलं. तिथे दिलेल्या पहिल्याच इंजेक्शनने चिमणीची मान एका बाजूला वळून ताठ झाली, जबडा आवळला, डोळे वर गेले. उताऱ्याचं औषध दिल्यावर सुटली, पण तासभर ती थरथरत मोठीचा हात धरून बसली होती. पुढे दुसऱ्या गोळ्या लागू पडल्या आणि गाडी रुळावर आली.

"हे कुणाला सांगायचं नाही," मोठीने बजावलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी नोकरी याच खात्यात आहे. उद्या लोक म्हणतील, हिच्या घरातच आहे."

"दुकानात तरी सांगू का?"

"दुकानात तर मुळीच नाही."

चिमणीने ऐकलं. ती ताईचं नेहमीच ऐकायची. पण त्या गोळ्यांनी तिचे हात बारीक कापायला लागले. काचा कडेला टवके जाऊन वाया जायच्या. मालक विचारायचा, "तब्येत बरी नाही का?" ती म्हणायची, "बरी आहे की." शेवटी तिनं गोळ्या हळूच बंद केल्या. हात थांबले, काचा नीट बसायला लागल्या, आणि महिन्याभरात झोप पुन्हा उडाली. मोठीला तेही दिसलं. तिनं विचारलंसुद्धा, "गोळ्या घेतेस ना?" चिमणी हो म्हणाली. मोठीने तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेली.

त्याच आठवड्यात भर दुपारी एक पोलीस आणि चष्म्याच्या दुकानाचा मालक चिमणीला वॉर्डात घेऊन आले. दुकानातल्या फ्रेमा ओंजळीत घेऊन ती चौकात उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चष्मा लावत होती आणि म्हणत होती, आता तुम्हाला खरं दिसेल. एका म्हाताऱ्याच्या नाकावर तिनं दोन चष्मे चढवले होते. पोलीस हे सांगत होता तेव्हा दाराशी उभी असलेली आया तोंडाला पदर लावून हसली आणि सवयीने मोठ्या सिस्टरकडे बघून दचकली.

मोठी सिस्टरही हसली. ओठांच्या कडेने, जरासंच. आयाला धीर आला आणि ती मोकळेपणी हसायला लागली.

चिमणीने ते पाहिलं.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. "घरचं कोण आहे हिचं?" त्यांनी विचारलं.

"एक मोठी बहीण आहे म्हणे," मालक म्हणाला. "मी कधी पाहिली नाही. कुठेतरी नोकरी करते."

"बहिणीचा नंबर सांगता का?" डॉक्टर चिमणीकडे वळले.

चिमणी केव्हाची भरभर बोलत होती, ती एकदम थांबली. तिनं मोठीकडे पाहिलं. डोळे लाल, केस सुटलेले, तरी ती नजर शुद्धीवरची होती. "बहीण नाही," ती म्हणाली. "मला कुणीच नाही. या सिस्टरला तर मी ओळखतसुद्धा नाही."

न विचारता म्हटलेलं हे शेवटचं वाक्य कुणाला खटकलं नाही. वॉर्डात लोक काहीही बोलतात.

मोठीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. एवढ्या आजारातही धाकटी तिला दिलेला शब्द पाळत होती. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं म्हणेपर्यंत डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. तेच. लांबच्या डॉक्टरांकडे दिलेलं.

"डॉक्टर, दुसरं काही देऊया का?" ती म्हणाली.

"का? काही कारण?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पोलीस, मालक, आया. कारण एका वाक्याचं होतं.

"नाही," ती म्हणाली, "काहींची मान धरते यानं, म्हणून म्हटलं."

"काहींची धरते. लक्ष ठेवा."

तिनं औषध भरलं. तीसेक वर्षांच्या नोकरीत हात कधी कापला नव्हता, आजही कापला नाही. नंतर तिला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. चिमणीने मुकाट्याने दंड पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, हळू हं."

संध्याकाळचा चहा वाटत असताना आया धावत आली. चिमणी पलंगावर आडवी होती, मान खांद्याकडे पिळवटलेली, जबडा आवळलेला, डोळे छताला. घशातून नुसता घरघर आवाज येत होता. मोठी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यांदा भरल्या वॉर्डात म्हणाली, "चिमणे, मी आहे. सुटेल आत्ता, मागच्यासारखी सुटेल."

डॉक्टर मागेच उभे होते. "मागच्यासारखी म्हणजे?"

"माझी बहीण आहे ही. हिला हे औषध चालत नाही, मला माहीत होतं."

डॉक्टरांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. "आधी उतारा द्या," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुम्ही नको. दुसऱ्या सिस्टरना बोलवा."

मान सुटली. चौकशी झाली, आणि मोठीची बदली शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाली. सामान घ्यायला आली तेव्हा आयाने कपाट उघडून दिलं. खाली बघत म्हणाली, "तुमची बहीण आहे हे माहीत असतं, तर मी हसले नसते."

"बहीण कुणाची तरी असतेच," मोठी म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द तिला पोकळ लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

भेटायच्या वेळी ती इतर नातेवाइकांबरोबर बाहेर थांबायची. सुरुवातीला चिमणी भेटायलाच तयार नव्हती. भेटली तेव्हा नखं बघत बसली.

"ओळख दाखवली नाहीस, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही दाखवली. हसलीस, तेही गिळलं मी. पण सुई तुझ्या हातात होती ताई. आणि तुला माहीत होतं."

"हो, माहीत होतं."

"मग?"

घाबरले म्हणावं, तर कशाला घाबरली होती? एका आयाला आणि एका पोलिसाला. "मी चुकले" एवढं ती म्हणाली. चिमणीने मान हलवली, पण जवळ आली नाही.

चष्म्याच्या दुकानाचा मालक दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला मोठीच्या शेजारी बसून म्हणाला, "हात कापतात एवढं सांगितलं असतं, तर मी तिला गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं असतं. गोड बोलते. आता बसवेन." यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी जाऊ देणार, त्या दिवशी चिमणीने सांगितलं की ती आत्याकडे राहील. गोळ्यांची पिशवी मोठीने पुढे होऊन घेतली, तर तिनं ती परत मागून आपल्या पर्समध्ये टाकली. तपासणीला मात्र ताई बरोबर आली तरी चालेल, म्हणाली.

अशाच एका तपासणीच्या सकाळी दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. जुन्या वॉर्डातली एक नवखी नर्स, तो प्रकार घडला तेव्हा रजेवर असलेली, समोरून आली आणि थबकली. "मोठ्या सिस्टर, तुम्ही इकडे? कुणाचं काम होतं का?"

मोठीची कानशिलं गरम झाली. "सहजच" हा शब्द ओठांपर्यंत येऊन गेला. "माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. "इथले उपचार चालू आहेत तिचे." शेवटचे शब्द बारीक झाले, आणि ते तिला स्वतःलाही ऐकू आले.

नर्स चिमणीकडे बघून हसली आणि निघून गेली. चिमणी समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आवाज का पडला?" तिनं विचारलं.

"पडतो अजून," मोठी म्हणाली.

आतून चिमणीचा नंबर पुकारला, तेव्हा ती उठली, दोन पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली, "येणार असशील तर चल."