दशमूलारिष्टाच्या बरण्या

लातूर जिल्हा झाला त्या साली मी दारूबंदीच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. भाड्याच्या दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि उस्मानाबादहून आलेले फायलींचे गठ्ठे. पावसानं दगा दिलेला, गल्लोगल्ली टँकरची वाट बघणं. तरी त्या खोल्यांतल्या ओल्या चुन्याचा वास अजून आठवतो, अन् बरं वाटतं.

पुढच्या मार्चमध्ये निनावी अर्ज आला : औशाचे महादेवप्पा वैद्य घरात दारू करतात. इन्स्पेक्टरसाहेबांनी जाऊन चौदा बरण्यांना सील लावलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा कचेरीत हजर.

"बाई, ती दारू न्हाई, दशमूलारिष्ट हाय. बाळंतिणीला देतो. औंदा दोन कोसावरनं पाणी आणून काढा आटवलाय."

त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळखलं. धाकट्या भावाच्या वेळी आई, नागुबाई, बाळंत झाली तेव्हा हेच वैद्य आमच्या बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभे राहून तिच्या पेल्यात वरून औषध ओतायचे. बाटली पेल्याला लागू द्यायचे नाहीत. पण औषधाला कधी नाही म्हणाले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी कायद्याचं पुस्तक काढलं. दारू म्हणून पिता येणार नाहीत अशी औषधं, अत्तरं यांना सूट होती. आसव-अरिष्टात मद्य आंबून आपोआप तयार होतं, हे मी टिपणीत लिहिलं आणि नमुना तपासायला पाठवा म्हटलं. साहेबांनी वाचून सही केली. तीन आठवड्यांनी अहवाल आला : हे औषधच आहे.

सील काढायला साहेबांबरोबर मीही गेले. पंचनाम्यावर माझं नाव वाचून महादेवप्पांनी विचारलं, "पंचशीला... कुणाची गं तू?"

"नागुबाईची. बौद्धवाड्यातली."

त्यांनी बरणीचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "मी वरनं ओतायचो."

"हाव."

त्यांनी एक बाटली भरली आणि माझ्या हातात दिली. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली; त्यांनी ती काढून घेतली नाहीत. "आईला दे."

"आई बहात्तरच्या दुष्काळातच गेली, अप्पा."

त्यांनी बरणीवर फडकं परत बांधलं. साहेब जीपकडे गेले. अप्पा म्हणाले, "मग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. लेकीबाळींना लागतं."

मी बाटली घेतली. पुढच्या वर्षी माझी थोरली झाली, तेव्हा ती बाटली उघडली. भलती कडू होती.