रिकाम्या जागेची वाट

दोन हजार तीनच्या डिसेंबरात स्क्वॉशच्या आंतरराष्ट्रीय मालिकेतली एक छोटी स्पर्धा नाशिकला भरली, आणि इंदिरानगरात यशोदाबाईंच्या घरी मलेशियाची मेई उतरली. छोट्या स्पर्धांना येणाऱ्या मुलींना हॉटेल कुठलं परवडायला? गावातलीच घरं त्यांना ठेवून घेत. यशोदाबाईंची तेजलही खेळणारी. गावची म्हणून तिला थेट मुख्य फेरीत जागा मिळाली होती, तीही पहिल्यांदाच, आणि समोरची मुलगी काही फार जड नव्हती. एक सामना जिंकला की जगाच्या क्रमवारीत तेजल चांगली वर सरकणार होती. मेईला मात्र आधी पात्रता फेरी पार करायची होती. तिथं ती शेवटच्या सामन्यात हरली.

"मग आता निघणार ती?" यशोदाबाईंनी तेजलला विचारलं.

"नाही गं. मुख्य फेरीतलं कुणी ऐनवेळी गळालं, तर हरलेल्यांतली वरच्या क्रमांकाची आत जाते. म्हणजे मेई."

"आणि कुणी नाहीच गळालं तर?"

"तर बॅग उचलायची, पुढचा देश. वर्षभर हेच चालतं."

सकाळी मेईनं अंगणात दोरीच्या उड्या मारल्या, बूट घट्ट बांधले आणि तो इवलासा काळा चेंडू मुठीत दाबून बसली. थंडीत तो गरम झाल्याशिवाय उसळत नाही. खेळायला जागा नाही, पण तयारीत कसूर नाही. यशोदाबाईंना त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. "हिला तेवढी एक जागा दे रे बाबा," त्या देवापुढे पुटपुटल्या.

तिघी कोर्टावर पोचल्या, तर एका मुलीचा घोटा मुरगळल्याची बातमी.

"आई, मेईला जागा मिळाली."

"मी देवाला सांगितलंच होतं. कुणाशी आहे सामना?"

"माझ्याशी."

यशोदाबाई मटकन बाकावर बसल्या. "अगं, मला काय माहीत!"

"आता टाळ्या तरी माझ्यासाठी वाजव," म्हणत तेजलनं रॅकेट उचलली.

यशोदाबाईंना तेही धड जमेना. काचेमागे दोघी अशा काही पळत होत्या, की टाळ्या कुणासाठीही वाजत. सामना पाचव्या गेमपर्यंत ताणला गेला आणि मेईनं तो जिंकला.

तेजल बाहेर आली ती लालबुंद होऊन. यशोदाबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. पण ती थांबली नाही. पायऱ्या चढून कोर्टामागच्या खुर्चीत जाऊन बसली. हरलेलीनं पुढच्या सामन्याचे गुण पुकारायचे आणि निवाडाही करायचा, ही तिथली रीत. पहिला पुकारा कुणाला ऐकूच गेला नाही. दुसरा स्पष्ट आला. एका खेळाडूनं हुज्जत घातली, तर तेजलनं तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निर्णय बदलला नाही. यशोदाबाई बघतच राहिल्या. ही आपली पोर?

मेई हळूच शेजारी येऊन बसली. यशोदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, डबा पुढे केला. मेईनं नको म्हणून मान हलवली आणि वर तेजलच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

यशोदाबाईंनी डबा झाकला. तेजल खाली येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.