उजव्या बाजूचे पत्रे

जुन्या जहाजाला गॅसची ज्योत लावण्याआधी त्याचा रंग खरवडावा लागतो. रंगात शिसं असतं, तसंच कापायला घेतलं तर धुराने कापणाऱ्याची छाती जाते. म्हणून आधी खडूने रेघ मारायची, रेघेवरचा चार बोटं रुंद पट्टा लोखंड दिसेपर्यंत साफ करायचा आणि मग कटरवाल्याला हाक मारायची. जहाजतोडणीच्या यार्डात हे काम आम्हा बायकांकडे, आणि बायकांची मुकादम मी. माझ्या तोंडाला सगळं यार्ड वचकून असतं. उगाच नाही, मी ते लहानपणापासून चालवत आलेय.

माझ्या बाबांचं आयुष्य ज्या जहाजाने नासवलं, ते तुटायला आमच्याच धक्क्याला आलं.

बाबा त्या जहाजाला 'ती'च म्हणत. चौतीस वर्षांपूर्वी ती नवी कोरी होती. तेव्हा तिच्याएवढं मोठं प्रवासी जहाज समुद्रावर दुसरं नव्हतं. बाबा बावीस वर्षांचे, डोलकाठीवरच्या पिंपात उभं राहून पुढे बघायची नोकरी. चंद्र नसलेल्या एका रात्री त्यांनी तीनदा घंटा वाजवली आणि ओरडून सांगितलं, समोर बर्फाचा डोंगर आहे. अधिकाऱ्याने सुकाणू गच्च फिरवलं, इंजिनं उलटी टाकली. जहाज एका बाजूला कललं, वळलं आणि पुढे निघून गेलं. इंजिनघरात वाफेची नळी फुटून एक भट्टीवाला मेला. डोंगर मात्र दुसऱ्या कोणीच पाहिला नाही. चौकशी झाली. पहारेकऱ्याचा डोळा लागला होता, त्याला स्वप्न पडलं, असा निकाल देऊन बाबांना काढून टाकलं. जहाज बुडालं असतं तर लोकांनी त्यांची आठवण काढून डोळे पुसले असते. न बुडालेल्या जहाजाचे आभार कोण मानतो?

पुढे एका गोदामावर त्यांनी रखवालदारी केली. गल्लीत त्यांचं नाव बर्फवाला पडलं. शाळेत पोरी मला विचारायच्या, "काय गं, आज बर्फ काय भाव?" दोघींच्या मी झिंज्या उपटल्या. आईने मला मारलं, बाबा गप्प बसले.

वर्तमानपत्रातलं जहाजांच्या ये-जा करण्याचं सदर मात्र ते रोज वाचत. मोतीबिंदू वाढून दृष्टी गेली तेव्हापासून मी वाचून दाखवू लागले. तिचं नाव आलं की "पोचली" एवढंच म्हणत आणि जेवायला बसत. मला त्या जहाजाचं नाव घ्यायचीही चीड होती.

ती आमच्या धक्क्याला लागली तेव्हा अंगावर फिकट पिवळा रंग होता. शेवटची दहा वर्षं ती हौशी पर्यटकांना बेटं दाखवत फिरत होती. पिवळ्याखाली निळा निघाला. त्या काळात घरदार विकून परक्या देशी निघालेली माणसं तिने वाहिली होती, एकेका खोलीत आठ-आठ. निळ्याखाली करडा, तो लढाईचा. सैनिक नेताना तिने करडा अंगावर घेतला होता. त्याखाली पांढरा, कारण तेच सैनिक जखमी होऊन परतताना ती इस्पितळ झाली होती. सगळ्यांत खाली काळा, कारखान्यातून निघतानाचा. खरवडायची पाती फिरवताना मी हिशेब लावत होते, त्या रात्रीनंतर हिच्यातून किती लाख माणसं उतरली असतील. काळ्यावरचे हे सगळे रंग तिला बाबांच्या घंटेमुळे चढले होते. अर्थात, घंटा खरी असेल तर.

"उजवी बाजू बघ," बाबा म्हणाले होते. "नाळेपासून मागे. तिकडून गेला होता तो."

नाळ म्हणजे जहाजाचं नाक. तिथून मागे मी डोळ्यांत तेल घालून शोधलं. चार बोटांचा पट्टा सोडून अख्खे पत्रे साफ करायला लावले. बायका कुरकुरल्या, मी ऐकलं नाही. पत्रे मूळचेच होते, कारखान्याचे शिक्के ओळीने जुळत होते. एक खळगा नाही, एक ओरखडा नाही. लोखंड आरशासारखं सपाट.

घरी आले तेव्हा बाबा पेला हातात धरून वाट बघत होते. "काही दिसलं का गं?"

त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. "सापडला, बाबा! हात जाईल एवढा खळगा आहे. जुन्या काळ्या रंगाने भरून काढलाय. बर्फ होता!"

मला वाटलं, रडतील, हसतील, निदान गल्लीत ओरडून सांग म्हणतील. त्यांनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे लागलीच," ते म्हणाले. "मला उशीर झाला."

दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. थोडं आधी ओरडलो असतो तर ती सावकाश वळली असती, नळी फुटली नसती, तो भट्टीवाला घरी गेला असता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. एक माणूस गेला, पण बाकी कोणाला आणि जहाजालाही खरचटलं नाही, या एका गोष्टीवर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. ती मी एका वाक्यात काढून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिसऱ्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, मी खोटं बोलले. पत्रे सपाट आहेत."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "खोटं तेव्हा बोललीस की आत्ता बोलतेस?"

ते पत्रे जहाजावरून उतरवून झाले होते, त्या दिवशी दुपारी त्यांचे तुकडे करायचे होते. मी बाबांना पायताणं घातली आणि हाताला धरून यार्डात नेलं.

पत्रे जमिनीवर पसरलेले होते. मला बर्फवाल्याची लेक म्हणून चिडवणारा आमचा कटरवाला, त्याला आम्ही लांब्या म्हणतो, बाबांना बघून ज्योत विझवून बाजूला झाला. "काका, सावकाश. कडा धारदार आहेत."

बाबा गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या पत्र्याच्या टोकाला तळवा टेकवला. रिव्हेटमागून रिव्हेट चाचपत, रांगत, ते तिसऱ्या पत्र्याच्या शेवटापर्यंत गेले. अर्धा तास तरी लागला असेल. बायका पाती खाली ठेवून उभ्या होत्या, कोणी हसलं नाही.

"सपाट आहे," बाबा म्हणाले आणि तिथेच बसून राहिले. मग म्हणाले, "मग खोटं कशाला बोललीस?"

"तुम्हाला पुरावा मिळावा म्हणून."

"मला कशाला? मी तिथे होतो."

त्यांच्यासाठी मी पोरींच्या झिंज्या उपटल्या, अर्ध्या गावाशी भांडले, पण माझा स्वतःचा विश्वास कधी बसलाच नव्हता. पुरावा मला हवा होता, आणि ते त्यांना आत्ता कळलं होतं. सपाट पत्रा कसलाच पुरावा देत नाही, डोंगर टळल्याचाही नाही आणि नसल्याचाही नाही. मी त्यांच्याजवळ लोखंडावर बसले. डोंगर होता की नव्हता, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तो दिसत कसा होता?"

त्यांनी तळवे एकमेकांवर झटकले.

"दिसला नाहीच गं आधी," ते म्हणाले. "आकाशभर तारे होते, खाली पाण्यापर्यंत. आणि समोर एक जागा अशी, की तिथे एकही तारा नाही. ती जागा मोठी होत होती. म्हणून मी घंटा वाजवली."

"हे चौकशीत सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, पांढरं काही दिसलं का? मी म्हटलं, नाही. पुढचं त्यांनी विचारलंच नाही."