कोपरीचे काका

नीलाने आनंदला तिसऱ्यांदा खाडीत ढकलून दिलं. तिसऱ्यांदाही तो पिशवी झटकत काठावर येऊन उभा राहिला.

"अगं बाई, हा बुडत कसा नाही?" ती टीव्हीशीच बोलली.

पडद्यावरचा आनंद म्हणजे अंगठ्याएवढा, चौकोनी ठिपक्यांचा ठोकळा. पण चष्मा, पुढे आलेलं पोट आणि खांद्यावरची कापडी पिशवी साकेतने इतकी हुबेहूब काढली होती, की सकाळी गेम सुरू झाला तेव्हा नीलाला आधी डोळे पुसावे लागले. खरा आनंद, तिचा नवरा, जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

टीव्हीला जोडायच्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटरांसाठी आजही कोणी नवे गेम लिहितं म्हटलं की लोक हसतात. आनंद हसला नाही. नोकरीतून मोकळा झाल्यावर त्याने कोपरीच्या याच घरातून अशा एकांड्या गेमवाल्यांसाठी इंटरनेटवर चॅनल काढलं. कोणी कल्याणचा, कोणी नागपूरची, कोणी पार पोलंडचा. ना त्यांच्या मागे कंपनी, ना जाहिरात. आनंद त्यांचे गेम शेवटपर्यंत खेळायचा आणि मग बरं-वाईट दोन्ही सांगायचा. त्याच्या शब्दावर लोक त्या गेमच्या कॅसेट मागवायचे. तो गेल्यावर नीलाने चॅनल हाती घेतलं. कॅरमची सोंगटी जिला धड मारता येत नव्हती, ती बाई आता जॉयस्टिक धरून भुतंखेतं लोळवत होती, आणि वर त्या भुतांच्या चालीवर मतंही देत होती.

दार लोटून साकेत आत आला. चपला काढता काढताच त्याने विचारलं,

"काकू, कसा वाटला?"

कल्याणचा हा मुलगा कॉलेजात असल्यापासून आनंदकडे यायचा. गेम लिहायला इथेच शिकला. आता चांगल्या नोकरीत होता, तरी सुट्टीच्या दिवशी चॅनलचं शूटिंग तोच करायचा. 'कोपरीचे काका' हा त्याचा पहिला पुरा झालेला गेम. काकांनी जुन्या कॅसेट गोळा करत, स्टेशनच्या पुलावरून, मार्केटमधून, खाडी ओलांडून घरी पोचायचं.

"चित्रं छान. आवाज छान. मार्केट तर अगदी आपलंच. भाजीवालीने मेथीची जुडी फेकून मारली मला."

साकेत खुलला.

"पण अरे, हा मरत का नाही?"

साकेत कॅमेऱ्याचा स्टँड लावायला लागला. लावलेलाच होता तो. त्याने उगाच पुन्हा स्क्रू पिळले.

"लाइफ अनलिमिटेड ठेवल्यात."

"का?"

"असंच."

"असंच कसं? अंगावरून रिक्षा जाते, कुत्री लचके तोडतात, आणि हा आपला पिशवी झटकून उभा! दोनदा घरी पोचवलं मी याला. दुसऱ्यांदा तर जांभया देत."

"लोकांना आवडलाय, काकू. मी नुसता एक फोटो टाकलेला, केवढ्या कमेंट आल्या बघा. तुम्ही फक्त एवढंच म्हणा ना, काकांची आठवण म्हणून बनवलाय. बास. सगळे समजून घेतील."

"आणि कादंबरीला काय सांगू?"

कादंबरी ही डोंबिवलीची मुलगी, तीही गेम लिहायची. तिच्या गेमचा पहिला टप्पा इतका सोपा आहे की झोप येते, असं मागच्याच महिन्यात नीलाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. पोरगी रुसली, फोन उचलेना. मग तिने मुकाट्याने तो टप्पा नव्याने लिहिला, आणि आता तिच्या कॅसेट पुरत नव्हत्या.

"तिला एक न्याय नि तुला दुसरा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? उद्या मी एखाद्या पोराचं कौतुक केलं तर कोण विश्वास ठेवेल रे? आणि तो विश्वास गेला तर या पोरांना दुसरं कोण आहे?"

"हा गेम वेगळा आहे."

"म्हणूनच."

साकेत खाली फरशीवर बसला. कॅमेऱ्याची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"आधी ठेवलेल्या मी," तो म्हणाला. "तीन लाइफ. सगळे ठेवतात तशा. टेस्टिंगला बसलो. तिसरी संपली आणि काका आडवे पडले. उठेचनात. मीच काढलेलं ते चित्र, काकू. पण मला नाही बघवलं. मग तो भागच उडवून टाकला."

नीलाला भडभडून आलं. हॉस्पिटलच्या बाकावर हाच तिच्याशेजारी बसला होता, आणि तिच्याआधी रडला होता तोही हाच. त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"परत घाल," ती म्हणाली. "तीनच घाल. कोणालाच जास्त नसतात."

ती चहा करून आणेपर्यंत त्याने लॅपटॉपवर ते काम केलं आणि नवी कॅसेट भरली. चहा पिऊन होईस्तोवर किरकिर करत कॅसेटवरून गेम चढला. साकेतने कॅमेरा चालू केला.

पहिल्या काकांना पुलाखाली रिक्षाने उडवलं. दुसऱ्यांना कुत्र्यांनी गाठलं. तिसरे मात्र मार्केट पार करून खाडीच्या काठावर पोचले. आता समोरून होडी आली की तिच्यात उडी घ्यायची, बस्स.

होडी आली आणि गेली. नीलाचा हात हलला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशातली गत झाली बाईची. दुसरी होडीही गेली. काका काठावर उभे, जागच्या जागी पाय हलवत.

"काकू, कॅमेरा चालू आहे."

"माहितेय."

"बंद करू?"

"नको."

तिसरी होडी आली. नीलाने दात आवळून जॉयस्टिक ढकलली. उशीर झाला होता. होडी सरकली आणि काका पाण्यात गेले. दोन बुडबुडे वर आले. पिशवी झटकणं नाही, काही नाही. पाणी सपाट झालं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'खेळ संपला'.

नीलाने चष्मा काढून ओढणीने पुसला, परत घातला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

"नमस्कार. 'कोपरीचे काका'. बनवणारा साकेत, राहणार कल्याण. गेम चांगला आहे. अवघड आहे, पण लबाड नाही." तिने जॉयस्टिक खाली ठेवली. "आत्ता काका बुडाले, ती चूक माझी. मी थांबून राहिले. गेमचा त्यात काही दोष नाही."

"नाही काकू," कॅमेऱ्यामागून साकेत नाक ओढत म्हणाला, "होडीच मी जरा लवकर हलवलीये. माझीच चूक आहे ती."

"मधे बोलू नकोस," नीला म्हणाली. "शूटिंग चालू आहे."