लाल नोंदी

तुकुमान प्रांतातल्या त्या साखर कारखान्यात देखभालीचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा गाळप सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. राजधानीहून आलेली शिकवणारी मुलगी दोन दिवस भरभर बोलली आणि निघून गेली. कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. म्हणून देखभालप्रमुख ओल्मेदोंनी नेलिदा ब्रांदानला बोलावलं. ती सव्वीस वर्षं चरकांना ग्रीस देत आली होती.

"तुझं ऐकतात सगळे," ते म्हणाले. "काम उघडायचं, हिरवं बटण दाबायचं, बंद. एवढंच शिकव. मालकांना पडद्यावर सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

"आणि काम झालंच नसेल तर?"

"सोमवारपासून वर्ग घे," ओल्मेदो म्हणाले आणि फोनकडे वळले.

सोमवारी वर्कशॉपमध्ये अकराजण बाकांवर बसले. माते नावाच्या कडू चहाचा भोपळ्याचा पेला हातोहात फिरत होता. रुफिनो लेदेस्मा मुद्दाम मागे बसला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चार वर्षांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात गेली होती. पट्ट्यावरची जाळी सैल आहे, हे त्याने आधी तीनदा सांगितलं होतं, पण तोंडी. चौकशीत ते कुणालाच आठवलं नाही. नेलिदाला आठवत होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

तिने टॅबलेट वर धरला. "हे हिरवं. काम झालं तरच याला हात लावायचा. नाही झालं तर हे लाल. खालच्या रकान्यात का नाही झालं ते लिहायचं, फोटो जोडायचा."

"माझं शुद्धलेखन बघून मालक हसतील, नेलिदाबाई," लेदेस्मा म्हणाला.

"हसू देत की. हसायला आधी वाचावं लागेल."

"ओल्मेदो पुसून टाकेल," कुणीतरी म्हणालं.

"पुसता येत नाही. त्या शिकवणाऱ्या पोरीला मी तेवढं एकच विचारून घेतलं होतं. पाठवलं की नावासकट, वेळेसकट राहतं."

बुधवारी चाचणीसाठी चरक फिरवले. लेदेस्माने एका अंगठ्याने अर्धा तास खपून लिहिलं: तिसऱ्या चरकाचं बेअरिंग तापतं, हात ठेववत नाही. संध्याकाळपर्यंत पडद्यावर चौदा लाल नोंदी होत्या.

ओल्मेदो तणतणत वर्कशॉपमध्ये आले. "हे काय शिकवलंस? सगळ्या आत्ताच्या आत्ता हिरव्या कर!"

नेलिदाने हात पुसले. "हिरवं केलं की खाली माझं नाव येतं, साहेब. न झालेल्या कामाखाली मी नाव घालणार नाही. हवं तर तुमच्या नावाने करा." तिने टॅबलेट पुढे केला.

अकरा माणसं हातातलं काम थांबवून बघत राहिली. ओल्मेदोंनी टॅबलेट घेतला नाही.

"उद्यापासून तू वजनकाट्यावर."

"लेखी द्या."

त्यांनी दिलं.

नेलिदा काट्यावर गेली. सव्वीस वर्षांचा ग्रीसचा वास नाकातून गेल्यासारखा वाटला, आणि पहिले दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. शुक्रवारी लाल नोंदी एकतीस झाल्या. मालकांचा फोन आला. तिसरा चरक उघडला, तर बेअरिंगचा चुरा निघाला. गाळप सहा दिवस उशिरा सुरू झालं. ओल्मेदो आपल्या जागी राहिले आणि नेलिदा काट्यावरच राहिली.

गाळप सुरू झाल्याच्या पुढच्या आठवड्यात ओल्मेदो स्वतः काट्यावर आले. "बॉयलरवाल्यांना शिकवायचंय. तुला परत घेतो. फक्त जरा... सांभाळून शिकव."

"सांभाळून म्हणजे?"

ओल्मेदो खिशातला फोन काढून चाळू लागले.

"वर्ग लेदेस्मा घेतोय," नेलिदा म्हणाली. "कालपासून, जेवणाच्या सुट्टीत. बॉयलरवाले धरून अकराचे एकोणीस झालेत. तुम्हीही जाऊन बसा."

मागे उसाचा ट्रक भोंगा वाजवत होता. तिने ओल्मेदोंना बाजूला व्हायची खूण केली.